यजमानपद आणि वेशीवरचे पाहुणे



आजच्या विषयाचे नाव ऐकून काही मंडळींना थोडे नवल वाटले असेल. इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे तह, लढाया, सनदा आणि बखरी उभ्या राहतात. फुटबॉलचा सामना आणि तो पाहावयास परमुलखातून येणारा साधा प्रेक्षक, यांना इतिहासाच्या दरबारात बसावयास जागा कोठून मिळाली, असा प्रश्न मनात येणे साहजिक आहे. पण राज्यकर्त्याच्या मनात काय आहे हे जसे तहाच्या कलमांवरून कळते, तसेच ते वेशीवरच्या चौकीवरूनही कळते. कोणास आत घेतले, कोणास अडविले, कोणाची झडती घेतली आणि कोणासाठी गालिचा अंथरला, हे पाहिले म्हणजे त्या राज्याची नीती बरीचशी उलगडते. आंतरराष्ट्रीय फुटबॉल-स्पर्धा ही अशीच एक वेस आहे. तेथे जग येते, निदान जगाने यावे अशी अपेक्षा असते.

आपल्या भाषेत यजमान हा शब्द यज्ञातून आला. यज्ञ करतो तो यजमान; खर्च त्याचा आणि पुण्यही त्याचे. अतिथी या शब्दाची फोड आपले जुने लोक अशी करीत की, ज्याच्या येण्यास तिथी नेमलेली नाही तो अतिथी. आजचा यजमान मात्र अतिथीला तिथी विचारतो, तिकिटाचा क्रमांक विचारतो, छायाचित्र मागतो, पेढीतील शिल्लक विचारतो, आणि एवढे सगळे सांगूनही दार उघडेलच असे नाही. यजमानपद या शब्दाचा अर्थ गेल्या शंभर वर्षांत कसकसा बदलत गेला, तेवढेच आज आपणांस पाहावयाचे आहे.

पहिली जागतिक फुटबॉल-स्पर्धा १९३० साली उरुग्वे या देशात झाली. उरुग्वेची लोकसंख्या तेव्हा वीस लाखांच्या आतली. पण १९२४ आणि १९२८ या दोन्ही ऑलिंपिक स्पर्धांत फुटबॉलचे सुवर्णपदक याच देशाने नेले होते, आणि १८ जुलै १९३० या दिवशी त्याच्या पहिल्या राज्यघटनेस शंभर वर्षे पूर्ण होत होती. घरात मंगल कार्य निघाले म्हणजे माणूस ऐपतीपेक्षा थोडा अधिक खर्च करतो. उरुग्वेने तसेच केले. येणाऱ्या संघांचा प्रवासखर्च आणि राहण्याजेवण्याचा खर्च आपण सोसू, असे त्याने कळविले आणि शतसांवत्सरिकाच्या नावाने एक भव्य मैदान बांधावयास घेतले. स्पर्धा १३ जुलैला सुरू झाली, तरी ते मैदान तयार झाले नव्हते. बरोबर १८ तारखेस, शताब्दीच्या दिवशी, त्याचे उद्घाटन झाले.

पण आमंत्रण देणे निराळे आणि पाहुणा येणे निराळे. युरोपातून दक्षिण अमेरिकेस जावयाचे म्हणजे जाताना पंधरा दिवस आणि येताना पंधरा दिवस समुद्रावर घालवावयाचे. खेळाडू हे नोकरीचाकरी करणारे लोक. दोन महिन्यांची रजा त्यांना कोण देणार? शेवटी फ्रान्स, बेल्जियम, रुमानिया आणि युगोस्लाव्हिया एवढे चारच देश युरोपातून आले. पहिले तीन संघ एकाच बोटीने निघाले. तिचे नाव ‘कोंते व्हेर्दे’. जेनोआला रुमानियाचा संघ चढला, फ्रान्सच्या किनाऱ्यावर फ्रान्सचा चढला, बार्सिलोनाला बेल्जियमचा. फिफाचे अध्यक्ष झूल रिमे विजेत्याला द्यावयाचा चषक घेऊन याच बोटीवर होते. वाटेत रिओ द जानेरोला ब्राझीलचा संघ चढला आणि ४ जुलै रोजी ही मंडळी माँटेव्हिडिओस उतरली. युगोस्लाव्हियाचा संघ दुसऱ्या बोटीने आला. इजिप्तच्या संघाला मात्र वादळामुळे उशीर झाला, त्याची बोट चुकली आणि त्याबरोबर स्पर्धाही चुकली. त्या काळी वेशीवरचा मोठा पहारेकरी समुद्रच होता. माणसाने माणसाला अडविण्याचे फारसे कारण नव्हते. अंतर ते काम आपोआप करीत होते.

पण शेजाऱ्याच्या बाबतीत तसे नव्हते. अर्जेंटिनाची राजधानी ब्युनॉस आयर्स आणि उरुग्वेची राजधानी माँटेव्हिडिओ यांच्यामध्ये फक्त ला प्लाता नदीचे रुंद मुख. सायंकाळी बोटीत बसावे आणि सकाळी पलीकडे उतरावे, इतके ते जवळ. ३० जुलै रोजी अंतिम सामना नेमका या दोन देशांत ठरला, आणि ब्युनॉस आयर्सच्या धक्क्यावर लोकांची एकच झुंबड उडाली. खास बोटी ठरविल्या, त्या अपुऱ्या पडल्या. ‘विजय किंवा मरण’ अशा घोषणा देत हजारो लोक निघाले. पलीकडच्या धक्क्यावर त्यांचे स्वागत कसे झाले? त्यांची झडती घेण्यात आली. कोणी पिस्तूल घेऊन आला आहे काय, हे बंदरावर पाहिले, आणि मैदानाच्या दाराशी पुन्हा पाहिले. सामन्याचे पंच बेल्जियमचे जॉन लांगेनुस यांनी तर आपल्या जिवाची हमी मागून घेतली आणि सामना संपताच निघता यावे म्हणून बंदरात बोट तयार ठेवावयास सांगितली. त्या दिवशी नदीवर दाट धुके पडले होते. कित्येक बोटी त्यात अडकल्या, आणि काही लोक पलीकडे पोचले तेव्हा सामना संपून गेला होता. उरुग्वेने ४–२ असा विजय मिळविला. इकडे माँटेव्हिडिओत दुसऱ्या दिवशी सार्वजनिक सुटी जाहीर झाली; तिकडे ब्युनॉस आयर्समध्ये उरुग्वेच्या वकिलातीवर दगड पडले.

या पहिल्याच स्पर्धेत पुढच्या शंभर वर्षांची सारी बीजे सापडतात, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. यजमानाने संघांचा खर्च सोसला. प्रेक्षकांची व्यवस्था प्रेक्षकांवर सोडली. संघाचे स्वागत झाले; प्रेक्षकाची झडती झाली. संघ हा पाहुणा आणि प्रेक्षक हा संशयित, असा भेद पहिल्याच दिवशी पडला. उरुग्वेला दोष देण्यासाठी मी हे सांगत नाही. हजारो चिडलेली माणसे एका दिवशी गावात उतरावयाची असतील तर कोणताही कोतवाल तेच करील. पण भेद पडला एवढे खरे.

त्या ‘कोंते व्हेर्दे’ बोटीची पुढची कथा सांगून मगच पुढे जाऊ. १९३२ पासून ही बोट त्रिएस्त बंदरातून सुवेझमार्गे पूर्वेकडे जाऊ लागली. आपल्या मुंबईच्या बंदरात ती थांबत असे आणि पुढे कोलंबो, सिंगापूर करीत शांघायला जात असे. १९३८ नंतर याच मार्गाने जर्मनी आणि ऑस्ट्रियातून पळालेली ज्यू कुटुंबे निघाली. ती शांघायलाच का चालली होती? कारण जगातील एकामागून एक देशांनी त्यांना प्रवेशपरवाना नाकारला होता, आणि शांघाय हे बंदर असे होते की जेथे उतरण्यास परवाना लागत नसे. ज्या बोटीने आठ वर्षांपूर्वी झूल रिमे यांचा चषक नेला, त्याच बोटीवर आता वेशीवेशीवरून परत फिरविलेली माणसे बसली होती. समुद्र तोच होता आणि बोटही तीच होती; बदलला होता तो किनाऱ्यावरचा शिक्का. अंतराने माणसाला अडविण्याचा काळ संपत होता आणि कागदाने अडविण्याचा काळ सुरू झाला होता.

अंतराचा काळ पुरता संपण्यापूर्वी त्याचा फटका आपल्यालाही बसला. १९५० ची स्पर्धा ब्राझीलमध्ये होती. ब्रह्मदेश, इंडोनेशिया आणि फिलिपाइन्स यांनी माघार घेतल्यामुळे भारताला न खेळताच प्रवेश मिळाला होता. इटली, स्वीडन आणि पॅराग्वे यांच्या गटात आपले नाव पडले होते. तरी आपला संघ गेला नाही. अनवाणी खेळावयास परवानगी नव्हती म्हणून आपण गेलो नाही, ही गोष्ट आपल्याकडे घरोघर सांगितली जाते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले होते, त्यामुळे ती पटतेही. पण खरी कारणे अधिक साधी होती. समुद्रप्रवास लांबचा, परकीय चलन दुर्मिळ, तयारीला वेळ अपुरा, आणि ऑलिंपिकपुढे या स्पर्धेची थोरवी आपल्या चालकांना तेव्हा फारशी वाटत नव्हती. बराचसा खर्च देण्यास ब्राझीलचे लोक तयार होते, तरी आपण गेलो नाही. फ्रान्सनेही त्या वेळी अखेर नकार कळविला. त्याच्या वाट्याला आलेले दोन सामने पोर्तो आलेग्रे आणि रेसिफे या शहरांत होते, आणि त्या दोहोंत सुमारे तीन हजार किलोमीटरचे अंतर होते. संघांची ही स्थिती, तेथे प्रेक्षकांनी जाण्याचे कोणाच्या मनातही आले नाही.

आता १९६२ सालाकडे या. ही गोष्ट आपल्या फार जवळची आहे. जकार्ता येथे चौथे आशियाई क्रीडासामने भरले. यजमान इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवान या दोन देशांच्या खेळाडूंना प्रवेशाची कागदपत्रे दिली नाहीत. अरब देशांचा आणि चीनचा दबाव त्यामागे होता. या सामन्यांच्या संस्थापकांपैकी एक, भारताचे गुरुदत्त सोंधी, यांनी यास उघड हरकत घेतली. ज्यांना यावयाचा हक्क आहे त्यांनाच यजमानाने दाराबाहेर ठेविले असेल, तर या सामन्यांना आशियाई सामने हे नाव लावता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्याचा परिणाम असा झाला की, जकार्तात भारताविरुद्ध लोक खवळले, भारतीय वकिलातीवर जमाव चालून गेला आणि सोंधींना देश सोडावा लागला.

दुसऱ्याच दिवशी, ४ सप्टेंबरला, फुटबॉलचा अंतिम सामना भारत आणि दक्षिण कोरिया यांच्यात होता. सुमारे एक लाख प्रेक्षकांनी मैदान भरले होते, आणि तो सारा समुदाय भारताच्या विरुद्ध ओरडत होता. आपल्या संघाचे शिक्षक होते सय्यद अब्दुल रहीम, कर्णधार चुनी गोस्वामी. जर्नेलसिंग यांच्या डोक्याला आधीच जखम झालेली होती; तशा स्थितीत त्यांना आघाडीस खेळविले. पी. के. बॅनर्जी यांनी एक गोल केला, जर्नेलसिंगांनी एक केला आणि भारताने २–१ असे सुवर्णपदक जिंकले. त्या लाखाच्या गर्दीत आपल्या बाजूने ओरडणारे जे थोडे होते, त्यांत पाकिस्तानच्या हॉकी संघाचे खेळाडू होते, अशी आठवण सांगितली जाते. ज्यांचे स्वतःचे प्रेक्षक मैलोगणती दूर आहेत, त्यांना परक्या ठिकाणी शेजाऱ्याचा आवाज किती मोलाचा वाटतो, याचा हा दाखला आहे.

आपण या विजयाचा अभिमान बाळगतो, तो योग्यच आहे. परंतु त्यामागे जो वाद होता त्याचा आपल्याला विसर पडला. सोंधींनी विचारलेला प्रश्न असा होता: यजमानाला पाहुण्यांत निवड करण्याचा अधिकार आहे काय? इंडोनेशियाचे उत्तर होते की, आमचा देश सार्वभौम आहे. आमच्या वेशीवर कोणास घ्यावयाचे ते आम्ही ठरवू. सोंधींचे उत्तर होते की, तुम्ही सार्वभौम आहात हे मान्य; पण यजमानपद तुम्ही मागून घेतले आहे, आणि ते मागून घेताना त्या अधिकाराचा थोडा भाग तुम्ही आपण होऊन बाजूला ठेविला आहे. या दोन उत्तरांतील झगडा आजतागायत चालू आहे. मला स्वतःला सोंधींची बाजू खरी वाटते, हे मी लपवून ठेवीत नाही. घरचे लग्न घरच्यांपुरते करावयास कोणाची हरकत नाही. पण ज्याने गावजेवणाची दवंडी पिटली, त्याने पंगतीच्या वेळी आळ्या निवडू नयेत.

चार वर्षांनी, १९६६ साली, हाच पेच इंग्लंडपुढे आला. त्या वर्षीची जागतिक स्पर्धा इंग्लंडमध्ये होती आणि उत्तर कोरियाचा संघ पात्र ठरला होता. ब्रिटनने त्या राज्याला मान्यता दिलेली नव्हती. कोरियाच्या युद्धात ब्रिटिश सैनिक त्याच्याशी लढून मेले होते, त्याला पुरती पंधरा वर्षेही झाली नव्हती. परराष्ट्र खात्यात खल सुरू झाला. परवाने नाकारावे हा सोपा उपाय होता. पण पात्र ठरलेल्या एकाही संघाला अडविलेत तर स्पर्धा दुसरीकडे नेऊ, असे फिफाने स्पष्ट कळविले होते. शेवटी तोड निघाली ती अस्सल इंग्रजी वळणाची. परवाने दिले; पण राष्ट्रगीते फक्त उद्घाटनाच्या आणि अंतिम सामन्याच्या वेळी वाजवावयाची असे ठरविले. उत्तर कोरिया या दोहोंत असणार नाही असा हिशेब होता, आणि तो बरोबरही ठरला.

कोरियाचा संघ मिडल्सब्रो या कारखान्यांच्या गावी खेळला. त्याचे स्वतःचे प्रेक्षक येणे शक्यच नव्हते. तेव्हा तेथील लोखंडाच्या आणि रसायनांच्या कारखान्यांतील कामगारांनी या परक्या, बुटक्या, चपळ खेळाडूंना आपले मानले. त्यांचा पोशाख मिडल्सब्रोच्या संघासारखा तांबडा होता, हेही एक कारण झाले असेल. १९ जुलै रोजी पाक दू-इक याच्या गोलाने कोरियाने बलाढ्य इटलीला हरविले आणि गाव नाचले. पुढचा सामना लिव्हरपूलला पोर्तुगालशी होता. मिडल्सब्रोचे सुमारे तीन हजार लोक या संघाच्या पाठीशी उभे राहण्यासाठी तेथवर गेले. कोरियाने तीन गोलांची आघाडी घेतली आणि अखेर ५–३ असा पराभव पत्करला. युसेबिओने एकट्याने चार गोल केले. छत्तीस वर्षांनी, २००२ साली, त्या संघातील हयात खेळाडू मिडल्सब्रोला येऊन गेले तेव्हा गावाने त्यांना ओळखले. सरकारने जे नाते मान्य केले नव्हते ते गावाने मान्य केले होते. यजमानपद सरकारकडे असते, आतिथ्य मात्र लोकांकडे असते, हे या एका उदाहरणावरून दिसून येईल.

वेशीचा विचार करताना आपण नेहमी आत येण्याच्या दाराचा विचार करतो. पण घरातून बाहेर पडण्याचेही एक दार असते. १९७४ साली पश्चिम जर्मनीत स्पर्धा झाली, आणि २२ जून रोजी हॅम्बुर्ग येथे दोन्ही जर्मनी समोरासमोर आले. सीमा एकच, भाषा एकच, कित्येकांचे भाऊबंद दोन्हीकडे. तरी पूर्व जर्मनीतून हा सामना पाहावयास आले ते सुमारे दीड हजार लोक, आणि तेही सरकारने पारखून निवडलेले. सामना झाला की परत नेलेले. पूर्व जर्मनीने तो सामना १–० असा जिंकला. यजमानाने दार उघडले होते. कुलूप होते ते पाहुण्याच्या स्वतःच्या घराला. पुढे २००० साली ब्रिटननेही कायदा करून, सामन्यांच्या वेळी दंगा करणाऱ्या आपल्या नागरिकांचे पारपत्र स्पर्धेपुरते जमा करून घेण्याची सोय केली. या दोन गोष्टी एकाच तागडीत घालता येणार नाहीत. एकीकडे न्यायालयाच्या आज्ञेने ठरावीक माणसांना अडविले, दुसरीकडे सबंध जनतेला. पण दोन्हीकडे प्रेक्षकाच्या वाटेवर आणखी एक नाका उभा राहिला हे विसरता येत नाही.

येथपर्यंत तिकीट निराळे आणि परवाना निराळा, अशी व्यवस्था होती. एकविसाव्या शतकात या दोहोंची गाठ बांधली गेली. २००८ साली मॉस्कोत युरोपच्या क्लब-स्पर्धेचा अंतिम सामना होता आणि दोन्ही संघ इंग्लंडचे निघाले. इतक्या लोकांना थोड्या दिवसांत परवाने देणे अशक्य, म्हणून रशियाने सामन्याचे तिकीट हाच परवाना मानला. दहा वर्षांनी, २०१८ च्या जागतिक स्पर्धेत, रशियाने हीच रीत मोठ्या प्रमाणावर चालविली. ज्याच्याजवळ तिकीट त्याला एक ओळखपत्र मिळे; ते गळ्यात अडकविले की निराळ्या परवान्याशिवाय देशात येता येई. एवढेच नव्हे, तर ज्या गावी सामना त्या गावापर्यंत खास आगगाड्यांतून फुकट प्रवास. अकरा शहरे होती. पश्चिमेस कालिनिनग्राद, पूर्वेस उरल पर्वतापलीकडचे एकातेरिनबुर्ग. अशा देशात ही आगगाडीची सोय म्हणजे खरोखरीचे आतिथ्य होते. त्या सरकारच्या इतर कारभाराविषयी आपले मत काहीही असो. सामान्य प्रेक्षकाच्या वाटेचा एवढा विचार त्यापूर्वी कोणी केला नव्हता, हे कबूल केले पाहिजे. अर्थात त्या ओळखपत्रावर प्रत्येक पाहुण्याचे नावगाव आणि चेहरा सरकारच्या दप्तरी जमा झाला. पाहुणचाराची आणि पहाऱ्याची वही एकच झाली.

२०२२ साली कतारने हाच कित्ता गिरविला. सारी मैदाने एका शहराच्या आसपास, मेट्रो फुकट, आणि ‘हय्या’ नावाच्या पत्रावर प्रवेश. हय्या म्हणजे ‘चला’. पण नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेपासून हे पत्र नसलेल्या पर्यटकाला त्या देशाची वेस बंद झाली. तेथे आणखी एक गोष्ट आपण भारतीयांनी तरी विसरू नये. ज्या मैदानांत हे पाहुणे बसले ती बांधावयास भारत, नेपाळ, बांगलादेश येथून माणसे गेली होती. मालकाच्या संमतीवाचून त्या कामगारांना २०१८ पर्यंत देशाबाहेर पडता येत नसे, आणि २०२० पर्यंत नोकरी बदलता येत नसे. प्रेक्षकाला दार उघडण्यास एक तिकीट पुरले. मजुराला तेच दार उघडावयास जगाचा आरडाओरडा लागला.

गंमत अशी की, याच कतारच्या प्रेक्षकांवर थोडी वर्षे आधी वेशीबाहेर राहण्याची पाळी आली होती. २०१७ साली शेजारच्या राज्यांनी कतारशी संबंध तोडले. २०१९ ची आशियाई फुटबॉल-स्पर्धा होती संयुक्त अरब अमिरातीत. कतारचा संघ आला, प्रेक्षक येऊ शकले नाहीत. अबू धाबीतील उपांत्य सामन्यात यजमानांना ४–० असे हरविले तेव्हा त्या खेळाडूंवर चपला पडल्या. अंतिम सामन्यात त्यांनी जपानला ३–१ असे नमविले आणि चषक नेला. त्यांच्या बाजूने ओरडले ते ओमानचे शेजारी. जकार्ता, मिडल्सब्रो आणि अबू धाबी ही तिन्ही नावे एका ओळीत लिहून ठेवावी. वेशीवर अडविलेल्या प्रेक्षकाची जागा रिकामी राहते असे नाही. कोणी तरी परका मनुष्य उठून तेथे बसतो.

दुसऱ्यांची उणी काढताना आपले घर झाकून ठेवणे बरे नव्हे. भारताने २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांची जागतिक स्पर्धा भरविली. नवी मुंबई आणि मडगाव ही तिच्या ठिकाणांपैकी होती, आणि अंतिम सामना कोलकात्यास झाला. ती चांगली पार पडली. पण २०२३ च्या जून महिन्यात बंगळूरला दक्षिण आशियाई स्पर्धा होती. पाकिस्तानच्या संघाचे परवाने इतके उशिरा निघाले की, तो संघ मॉरिशसहून मुंबईमार्गे बंगळूरला पोचला तो सामन्याच्याच दिवशी. त्याच सायंकाळी तो भारताशी खेळला आणि ४–० असा हरला. सुनील छेत्रीने तीन गोल केले. गोल चांगले होते. पण दमल्याभागल्या पाहुण्याला हरविण्यात जकार्ताच्या विजयाची चव येत नाही. संघाची ही वाट, तेथे प्रेक्षकाची वाट काय असेल याची कल्पना प्रत्येकाने करावी. दोन देशांतले वैर खोटे आहे असे मी म्हणत नाही. म्हणणे एवढेच की, बोलवावयाचे नसेल तर बोलवू नये. आणि बोलाविले तर उंबऱ्यावर तिष्ठत ठेवू नये.

शेवटी उत्तर अमेरिकेची गोष्ट. २०२६ ची स्पर्धा अमेरिकेची संयुक्त संस्थाने, कॅनडा आणि मेक्सिको या तीन देशांना मिळून दिली गेली. संघ ४८, शहरे १६, सामने १०४. इतिहासात एवढे मोठे मांडव कोणी घातले नव्हते. पण मांडव एक असला तरी वेशी तीन, आणि परवानेही तीन. त्यातच २०२५ च्या जून महिन्यात अमेरिकेच्या अध्यक्षांनी बारा देशांच्या नागरिकांना प्रवेशबंदी करणारा आदेश काढला. त्या बारांत इराण होता, हैतीही होता. इराण त्यापूर्वीच पात्र ठरला होता. हैती त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, १९७४ नंतर प्रथमच, पात्र ठरला. आदेशात एक सवलत होती. खेळाडू, शिक्षक, संघाचे सेवक आणि त्यांचे निकटचे नातलग यांना बंदी लागू नव्हती. प्रेक्षकांना ती सवलत नव्हती. १९३० साली बंदरावर जो भेद पडला होता, तो आता आदेशाच्या कलमात लिहिला गेला.

हा आदेश वाचताना मला २०२० सालची आषाढी आठवली. साथीमुळे पालखी सोहळे बंद होते. ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एस.टी.च्या गाडीत ठेवून मोजक्या मंडळींनी पंढरपुरास नेल्या. विधी झाले, एकादशी झाली, परंपरा तुटली नाही. परंतु वाखरीच्या वाटेवर टाळ वाजला नाही, आणि त्या वर्षी वारी झाली असे कोणी मनापासून म्हटले नाही. तेथे साथीचे संकट होते, माणसे वाचविण्यासाठी दार लावले होते, आणि त्याचे दुःख लावणाऱ्यालाही होते. पण वारी वारकऱ्यांची असते एवढे त्या वर्षाने आपणांस शिकविले. संघ म्हणजे पादुका. त्या मोटारीतून नेता येतात. प्रेक्षक म्हणजे वारी, आणि ती मोटारीतून नेता येत नाही.

तेव्हा या शंभर वर्षांच्या हकिकतीचे तात्पर्य काय? पहिल्या काळी समुद्राने अडविले. तेथे कोणाचा दोष नव्हता. नंतर राज्यांनी अडविले. तेव्हा खेळाडूंसाठी भांडणारा एखादा सोंधी निघाला, आणि फिफाने संघांपुरती अट घातली. म्हणून आज संघांना दार उघडे असते. ती अट कोणी तरी हट्टाने मागितली म्हणून मिळाली. प्रेक्षकाच्या वतीने तशी अट कोणी मागितली नाही. यजमानपदाचा करार सरकार आणि खेळाची संस्था यांच्यात होतो. सरकारे प्रवेशाविषयी हमीपत्रे लिहून देतात; पण कारखान्यात जादा पाळ्या करून तिकिटाचे पैसे साठविणारा जो प्रेक्षक, त्याची त्यावर सही नसते, आणि हमी मोडली तर दाद मागावयास त्याला जागा नसते. तिकीट विकताना त्याला पाहुणा म्हणतात आणि वेशीवर त्याला परका म्हणतात.

आपल्या देशात उद्या मोठ्या स्पर्धा भरतील. तेव्हा मैदानावर किती कोटी खर्च झाले, दिवे किती लागले, छप्पर कोणत्या देशाच्या कारागिरांनी घातले, याची वर्णने आपण वाचू. त्या वेळी एक प्रश्न आपण आपल्या प्रतिनिधींना अवश्य विचारावा: ज्या देशाशी आपले पटत नाही, त्या देशातील एखादा शाळामास्तर आपल्या मुलाला घेऊन, तिकीट काढून, हा सामना पाहावयास निघाला, तर आपल्या वेशीवर त्याचे काय होईल? या प्रश्नाचे उत्तर सरळ मिळाले, तर आपण यजमान झालो असे खुशाल म्हणावे. ते मिळेपर्यंत आपण फक्त मांडव घातला आहे.